मेलेली बायको कोर्टात उभी राहते तेव्हा: ‘पाठलाग’ने प्रेक्षकांना नेमकं कसं चकवलं?

कराडला मध्यभागी धरून नकाशावर शंभर किलोमीटरचं वर्तुळ काढलं, तर मराठीतल्या एका गाजलेल्या रहस्यपटाची बरीचशी माणसं त्यात सापडतात. दिग्दर्शक राजा परांजपे मिरजेचे. गाणी लिहिणारे ग. दि. माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्या शेटफळे गावात जन्मलेले. गायिका आशा भोसले यांचा जन्म सांगलीचा. आणि नायक, म्हणजे दातांचे डॉक्टर असलेले काशिनाथ घाणेकर, कराडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरला की लागणाऱ्या चिपळूणचे.

सिनेमा म्हणजे १९६४ सालचा ‘पाठलाग’. त्याला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचं राष्ट्रपतींचं रौप्य पदक मिळालं. पुढच्याच वर्षी तमिळमध्ये त्याचा ‘इदय कमलम्’ झाला आणि १९६६ मध्ये राज खोसला यांनी साधना आणि सुनील दत्तला घेऊन हिंदीत ‘मेरा साया’ काढला. ‘मेरा साया’ बहुतेकांना माहीत असतो, पण त्याचं मूळ मराठीत आहे हे कित्येकांना माहीत नसतं.

(इथून पुढे कथेचं गुपित फुटणार आहे. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या.)

गोष्ट थोडक्यात अशी. एका वकिलाचं बायकोवर जिवापाड प्रेम असतं. ती आजारी पडते आणि जाते. तो दुःखात बुडालेला असताना पोलीस एका टोळीतल्या बाईला पकडतात. दिसायला ती हुबेहूब त्याच्या बायकोसारखी. वर ती म्हणते, मी टोळीतली नाहीच, मी यांची बायको आहे. प्रकरण कोर्टात जातं. दोघांच्या संसारातल्या, तिसऱ्या कुणाला माहीत नसलेल्या गोष्टी ती घडाघडा सांगते. तरीही नवरा मानायला तयार नाही, कारण बायकोचा मृत्यू त्याने स्वतः पाहिलेला आहे.

आता गंमत बघा. सारखा दिसणारा दुसरा माणूस ही रहस्यकथेतली सगळ्यात बदनाम युक्ती. इंग्लंडमधले धर्मगुरू आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले होते. त्यातला दहावा नियम याबद्दलच आहे: वाचकाची आधी नीट तयारी करून दिल्याशिवाय जुळी भावंडं किंवा तोतये कथेत आणायचे नाहीत. कारण उघड आहे. शेवटच्या पानावर जुळा भाऊ काढून दाखवला तर वाचक पुस्तक भिरकावून देईल.

‘पाठलाग’मध्येही शेवटी जुळी बहीणच निघते. मग प्रेक्षक का चिडत नाही? कारण दोन सारख्या बायका आहेत हे गुपित म्हणून राखून ठेवलेलंच नाही. ते सुरुवातीपासून टेबलावर आहे. एक मेली, दुसरी आरोपीच्या पिंजऱ्यात आहे, हे सगळ्यांना दिसतं. लपवलेलं आहे ते एवढंच, की मेली ती कोण. नवऱ्याच्या डोळ्यांसमोर प्राण सोडणारी बाई खरी बायको असणार, याबद्दल प्रेक्षक प्रश्नच विचारत नाही. तो मृत्यू खोटा नसतो. त्यावर नवऱ्याने लावलेलं नाव चुकीचं असतं, आणि प्रेक्षक ते त्याच्याकडून जसंच्या तसं उचलतो.

इथेच प्रेमकथा आणि रहस्यकथेची गाठ बसते. साध्या खुनाच्या गोष्टीत प्रश्न असतो, कुणी केलं? इथे प्रश्न असतो, हिच्यावर विश्वास ठेवायचा का? १९४० चा हिचकॉकचा ‘रिबेका’ घ्या, १९४९ चा कमाल अमरोहींचा ‘महल’ घ्या, नाहीतर १९५८ चे ‘व्हर्टिगो’ आणि ‘मधुमती’ घ्या. गेलेल्या बाईची सावली जिवंत माणसांवर पडलेली असते, आणि समोर आहे ते खरं की मनाचा खेळ याचा उलगडा झाल्याशिवाय प्रेम पुढे सरकत नाही. भूत आहे की नाही हा या प्रकारातला नेहमीचा पेच. ‘पाठलाग’ने तो भुताटकीच्या हवेलीतून काढून कोर्टात आणला, आणि त्याला वेगळीच धार आली. हवेलीत बाई गूढ वाटते. कोर्टात तिला पुरावा द्यावा लागतो.

आणि पुरावा कशाचा, तर आपण आपल्याच नवऱ्याची बायको आहोत याचा! उलटतपासणी घेणारा माणूस तोच नवरा. वकील म्हणून त्याचा प्रत्येक प्रश्न बरोबर आहे, आणि माणूस म्हणून तो दर प्रश्नागणिक चुकतो आहे. पहिल्यांदा पाहताना प्रेक्षक त्याच्या बाजूने असतो. शेवट माहीत झाल्यावर हेच प्रसंग पुन्हा पाहिले की ते पाहवत नाहीत. ‘मेरा साया’मध्ये तर ती कोसळते आणि तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. एवढं प्रेम करणारा माणूस जिवंत बाईपेक्षा मेलेल्या बाईच्या आठवणीवर जास्त विश्वास ठेवतो, हा सिनेमाचा खरा घाव आहे. बहिणीचा उलगडा त्या मानाने घाईत उरकलेला वाटतो. न दिसलेलं बरंचसं एकदम सांगून टाकायचं म्हटल्यावर तसं होणारच.

गाण्यांचं कामही समजून घेण्यासारखं आहे. अशा सिनेमात एक गाणं हमखास पुन्हा पुन्हा येतं. ‘महल’मध्ये ते होतं, ‘पाठलाग’मध्ये आशाबाईंच्या आवाजातलं, दत्ता डावजेकरांच्या चालीचं ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ आहे. या प्रकारात गाणं विरंगुळ्यासाठी नसतं, ते साक्षीदार असतं. प्रेयसी तुझ्याभोवतीच आहे असं ते सांगत राहतं आणि नायकासकट सगळे त्याचा अर्थ ‘आत्मा घुटमळतोय’ असा लावतात. प्रत्यक्षात गाणं अगदी सरळ बोलत असतं. ती खरोखरच कुठेतरी जिवंत असते.

अशीच सरळ बोलणारी आणखी एक गोष्ट होती, पण ती सिनेमाने झाकली. ‘पाठलाग’ जयंत देवकरांच्या कादंबरीवर बेतलेला आहे. कादंबरीचं नाव ‘आशा परत येते’. नायिकेचं नाव आशा. म्हणजे पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच तीन शब्दांत उत्तर छापलेलं होतं, फक्त वाचणाऱ्याला ते भुताच्या गोष्टीचं नाव वाटावं अशी सोय होती. परांजपेंनी नाव बदलून ‘पाठलाग’ केलं. हिंदीवाल्यांनी तर थेट ‘साया’ म्हणत प्रेक्षकाला भुताच्याच वाटेला लावून दिलं.