प्रथिनावर नाव घालताना

माणसाच्या जनुकसंचात प्रथिने घडवणारी सुमारे 20,000 जनुके आहेत. एका पेशीत त्यांतली हजारो प्रथिने एकाच वेळी वावरत असतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली एकही वेगळे ओळखू येत नाही. एखादे प्रथिन पेशीत कुठे असते हे पाहायचे, तर नेमके त्यालाच धरणारे प्रतिपिंड हवे. ते नव्याने तयार करायचे म्हणजे प्राण्यांना टोचायचे, महिनोन्‌महिने वाट पाहायची आणि शेवटी ते भलत्याच भाऊबंद प्रथिनाला चिकटले, की सगळे मुसळ केरात.

पंगतीत भांडी मिसळतात, म्हणून घरोघरी पातेल्यांवर नाव घातलेले असते. एपिटोप टॅगची युक्ती तीच. ज्याचे प्रतिपिंड आधीच हाताशी आहे, अशा अमिनो आम्लांच्या छोट्या तुकड्याचा संकेत आपल्या प्रथिनाच्या जनुकाला जोडून द्यायचा. पेशी ते जनुक वाचते आणि प्रथिन नावासकट घडवते. प्रथिन कोणतेही असो, शोधायला प्रतिपिंड एकच पुरते.

प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडण्याची कल्पना हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांची. 1941 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ती प्रत्यक्षात आणली. 1975 मध्ये केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची मोनोक्लोनल प्रतिपिंडे हवी तितकी मिळवण्याची वाट दाखवली. टॅगची युक्तीही तिथलीच. 1984 मध्ये शॉन मन्रो आणि ह्यू पेलहॅम यांनी फळमाशीच्या एका प्रथिनाला ‘सबस्टन्स पी’ या चेतारसायनाचा तुकडा जोडला आणि त्याच्याच प्रतिपिंडाने ते शोधून काढले.

आज प्रयोगशाळांत तीन टॅग सर्रास दिसतात. ‘मिक’ दहा अमिनो आम्लांचा. तो माणसाच्याच एका प्रथिनातून घेतलेला, त्यामुळे मानवी पेशीतले मूळचे मिकही प्रतिपिंडाच्या तावडीत सापडते आणि घोळ होतो. ‘एचए’ नऊ अमिनो आम्लांचा, फ्लूच्या विषाणूकडून उसना घेतलेला. ‘फ्लॅग’ 1988 चा. तो मुद्दाम बेतलेला आहे. आठांपैकी पाच जागी ॲस्पार्टिक आम्ल असल्याने त्याला पाण्याची ओढ असते, म्हणून तो घडी घातलेल्या प्रथिनाच्या आत न दडता बाहेर राहतो. मला तो तिघांत सर्वांत हुशारीचा वाटतो.

प्रत्यक्ष काम सावकाशीचे. काचेच्या पातळ चकतीवर वाढवलेल्या पेशी फॉर्मालडिहाइडने जागच्या जागी थिजवतात. प्रतिपिंड सुमारे 150 किलोडाल्टनचे, म्हणजे चांगलेच थोराड. ते आपणहून आत शिरत नाही, म्हणून सौम्य डिटर्जंटने पेशीपटलाला भोके पाडतात. प्रतिपिंड वाटेल तिथे चिकटू नये यासाठी गाईच्या अल्ब्युमिनचे द्रावण घालतात. मग प्रतिपिंडाच्या थेंबावर चकती पालथी ठेवून तासभर अंधारात ठेवायची आणि नीट धुवायची. निळा प्रकाश पडला की प्रतिपिंडाला जोडलेला फ्लुओरेसिन हा रंग हिरवा उजळतो. रंग थेट टॅगच्या प्रतिपिंडालाच जोडलेला असला, तर त्या प्रतिपिंडाला धरणाऱ्या दुसऱ्या, रंग लावलेल्या प्रतिपिंडाचा टप्पा वाचतो आणि दोन टॅग दोन रंगांत शेजारी शेजारी पाहता येतात. उजेड मात्र थोडा कमी मिळतो.

पण घातलेले नाव निरुपद्रवी असतेच असे नाही. प्रथिनाचे टोक ही काही मोकळी जागा नव्हे. मन्रो आणि पेलहॅम यांनी 1987 मध्ये हे दाखवले, आणि त्यातून एक मोठा शोध लागला. पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेत राहणाऱ्या काही प्रथिनांच्या अगदी शेवटी चार अमिनो आम्ले सारखीच होती: लायसिन, ॲस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, ल्युसिन. जीआरपी-78 या प्रथिनाचे ते टोक छाटले की प्रथिन पेशीबाहेर पडे. टोक तसेच ठेवून पुढे आणखी अमिनो आम्ले जोडली, तरीही तेच! उलट, एरवी पेशीबाहेर जाणाऱ्या कोंबडीच्या लायसोझाइमला जीआरपी-78 ची शेवटची सहा अमिनो आम्ले चिकटवली, तर ते आतच थांबले. मुक्कामाचा पत्ता त्या टोकात होता, आणि पुढे काही जोडले की तो वाचताच येत नव्हता. अशा प्रथिनाच्या शेवटी कुणी भाबडेपणाने टॅग लावला, तर चित्र सुंदर येईल आणि उत्तर साफ चुकेल.

म्हणून जाणते संशोधक टॅग आधी एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला लावून पाहतात. टॅग लावलेले प्रथिन आपले काम करते का, हेही तपासतात. जनुकात बदल करणारे क्रिस्पर तंत्र आल्यापासून पेशीच्या स्वतःच्या जनुकातच टॅग बसवता येतो, त्यामुळे प्रथिनाचे प्रमाण नैसर्गिक राहते. आणि प्रत्येक खेपेला टॅग नसलेल्या पेशींची एक चकती त्याच रंगातून काढतात. तीही उजळली, तर त्या दिवसाची सगळी चित्रे बाद.