जनावरांच्या तोंडांतील लाळ

जनावराच्या तोंडांतून लाळेच्या तारा लोंबूं लागल्या कीं ‘लाळ्या’ म्हणून निदान ठरलेलें असतें. पुष्कळदां तें खरेंहि असतें. ताप येतो, जिभेवर व हिरड्यांवर फोड फुटतात, खुरांच्या बेचक्यांत जखमा होऊन जनावर लंगडतें. रोग विषाणूचा असल्यानें त्यावर नेमकें औषध नाहीं. तोंड तुरटीच्या पाण्यानें धुवावें, खुरांवर माशी बसूं देऊं नये, मऊ चारा घालावा व जनावर वेगळें बांधावें. खरा उपाय लस. ती वासरास 4 महिन्यांचें झाल्यावर व पुढें दर 6 महिन्यांनीं टोंचून घ्यावी.

परंतु फोड नाहींत आणि लाळ तर गळतेच आहे, तेव्हां काय? घशांत आंब्याची कोय अडकल्यास पोटहि फुगतें. कीटकनाशक फवारलेला चारा खाण्यांत आल्यास अंग थरथरतें व डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. तेथें पशुवैद्यानें अ‍ॅट्रोपीन त्वरित टोंचलें तरच आशा.

अशा वेळीं तोंडांत हात घालून पाहण्याची आपली खोड आम्हांस भयावह वाटते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानें होणाऱ्या रोगांतहि जनावरास गिळतां येत नाहीं, आवाज घोगरा होतो व लाळ वाहते. चावा मात्र बहुधा कोणीं पाहिलेला नसतो. ती लाळ हाताच्या ओरखड्यास लागल्यास साबण व वाहत्या पाण्यानें 15 मिनिटें धुवून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. माणसांत लक्षणें उमटल्यावर लशीचा उपयोग होत नाहीं.