अडकलेली नळी
खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याचे पुष्कळसे बिघाड त्याच्या आटोपशीरपणातूनच उद्भवतात. म्हणून तो बंद पडला असता आतील विद्युतमंडळाविषयी शंका घेण्यापूर्वी भिंगाची हालचाल पाहणे, आणि त्याहूनही ती ऐकणे, अधिक उपयोगाचे ठरते. कॅमेरा बंद असताना भिंगांचे गट एकात एक बसणाऱ्या नळ्यांमध्ये मिटलेले असतात. बटण दाबताच एक चिमुकली मोटर दातेरी चाकांच्या साहाय्याने बाहेरचे कडे फिरवते, कड्याच्या तिरक्या खाचांत अडकवलेल्या खुंट्या सरकू लागतात आणि फिरण्याच्या गतीचे रूपांतर पुढे येण्याच्या गतीत होते. नळी नेमक्या जागी पोचल्याची खूण ठरावीक वेळेत मिळाली नाही, तर पडद्यावर ‘लेन्स एरर’ ही सूचना उमटते. भिंग फुटले असा या सूचनेचा अर्थ नसून, नळी वेळेत पोचली नाही एवढेच ती सांगते.

उशीर का झाला, याचा पहिला शोध बॅटरीत घ्यावा. दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात साध्या अल्कलाइन सेलचा दाब 1.5 व्होल्ट, तर पुन्हा भारित करता येणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचा 1.2 व्होल्ट असतो, आणि तरीही दुसरा सेलच अधिक टिकतो. कारण मोटर व फ्लॅश एकाएकी मोठा प्रवाह ओढतात तेव्हा, अंतर्गत रोध कमी असल्यामुळे, त्याचा दाब फारसा ढासळत नाही. घड्याळात उत्तम चालणारा सेल कॅमेऱ्यात नळी अर्ध्यावर सोडतो, तो याच कारणाने.

सेल बदलूनही नळी हलत नसेल, तर आवाज साक्ष देतो. करकर ऐकू आली तर नळ्यांच्या फटीत वाळू शिरली असण्याचा संभव मोठा असतो, आणि समुद्रकिनाऱ्यावर वापरलेल्या कॅमेऱ्यांत हे वारंवार आढळते. ठरावीक अंतराने टकटक झाली तर चाकाचे दात निसटत असावेत. काहीच आवाज नसेल तर मोटरपर्यंत वीज पोचत नसावी. वाळू असल्यास कॅमेरा पालथा धरून रबरी फुग्याने फटीत हवा मारावी आणि पातळ कागदाची पट्टी कडेने हलकेच फिरवावी. तेल मात्र कदापि घालू नये, कारण ते पसरत शटरच्या पातळ पात्यांवर जाते आणि ती एकमेकींना चिकटतात. कवच उघडणे तर अनभिज्ञाने टाळावेच: फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या धारित्रात सुमारे 300 व्होल्टचा दाब बॅटरी काढल्यानंतरही शिल्लक राहू शकतो.

फोटो उशिरा निघतो ही तक्रार पुष्कळदा बिघाडाची नसतेच. असे कॅमेरे सहसा भिंगाचा एक गट मागेपुढे करून प्रतिमेतील कडा कोठे सर्वांत ठळक दिसतात हे शोधतात, म्हणून कोऱ्या भिंतीसमोर ते चाचपडतात. बटण आधी अर्धे दाबून फोकस साधला की उरलेला विलंब अगदी थोडा राहतो.

याउलट पडद्यावर जांभळट पट्टे किंवा निव्वळ काळोख दिसत असेल, तर कार्डावरील जुने फोटो उघडून पाहावेत. ते स्वच्छ दिसले म्हणजे पडदा निर्दोष असून दोष बहुधा सेन्सरमध्ये, म्हणजे प्रकाशाचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणाऱ्या चकतीत, किंवा शटरमध्ये आहे असे समजावे. या शतकाच्या आरंभीच्या अनेक कॅमेऱ्यांत उष्ण व दमट हवेमुळे सेन्सरमधील सूक्ष्म तारांचे सांधे सुटत असल्याचे आढळले आणि 2005 मध्ये अनेक उत्पादकांनी विनामूल्य दुरुस्ती देऊ केली. तो दोष फुग्याने किंवा नव्या सेलने हटणारा नव्हता; सेन्सरच बदलावा लागे.