थंडीआधीची ऊब

2012 च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पारा 27 अंश सेल्सिअसच्या वर गेला. एरवी तिथे हे बर्फ वितळायचे दिवस. सफरचंद आणि आंबट चेरीची झाडं जवळजवळ महिनाभर आधीच फुलली. मग एप्रिल आला, नेहमीच्याच थंड रात्री घेऊन. त्या हंगामात चेरीचं सुमारे नव्वद टक्के पीक गेलं आणि सफरचंद नेहमीच्या जेमतेम आठव्या हिश्शावर आलं.

दोष थंडीला देणं सोपं आहे, पण माझ्या मते घात केला तो मार्चने. हिवाळ्यात ही झाडं झोपतात. थंडीचे ठरावीक तास भरले की त्यांना फक्त उबेची वाट असते. ती खरी की फसवी, हे झाडाला कळत नाही. आणि कळी जितकी उमलते तितकी नाजूक होते. सफरचंदाचा डोळा नुकता रुपेरी दिसू लागलेला असताना उणे 9 अंशांतही दहातली एखादीच कळी मरते. तेच झाड पूर्ण बहरात असेल, तर उणे 4 अंशांत दहातली नऊ फुलं जातात. सकाळी पाकळ्या टवटवीतच दिसतात. ब्लेडने फूल चिरलं की मधला काळा पडलेला गाभा दिसतो.

मिशिगन सरोवराच्या पूर्व काठावर फळबागा वसल्या त्या याच भीतीपोटी. वसंतात सरोवराचं पाणी थंडगार असतं, त्यावरून येणारा वारा झाडांना लवकर जागं होऊ देत नाही. उतारावरच्या बागेतून जड, गार हवा खाली वाहून जाते. खोलगट जागी मात्र ती साचते. त्या वर्षी सरोवराचाही इलाज चालला नाही.

निरभ्र, निवांत रात्री जमिनीपेक्षा काही मीटर वरची हवा उबदार असते. उंच खांबावरचे पंखे ती खाली ओढतात. पण गोठवणारा वारा सुटला तर पंखे निरुपयोगी. दुसरा उपाय तुषार सिंचनाचा. एक ग्रॅम पाणी गोठताना 80 कॅलरी उष्णता सोडतं, म्हणून बर्फाने मढलेली कळी शून्य अंशाच्या आसपास तग धरते. मात्र तेवढंच पाणी बाष्प होताना सातपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं. पंप मध्येच बंद पडला तर न भिजवलेल्या बागेपेक्षा जास्त नुकसान! आपल्या निफाडकडे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून रात्र जागवणाऱ्या बागायतदाराला ही धास्ती वेगळी सांगायला नको, जरी तिथे जीव टांगणीला लागतो तो भर हिवाळ्यात, वेलीवर घड असताना.

2013 मध्ये मिशिगनच्या झाडांनी विक्रमी सफरचंदं दिली. मधलं वर्ष काढायचं होतं ते माणसांना, आणि तेव्हा आंबट चेरीला तिथे पीकविमाही नव्हता.