विम्याच्या कामासाठी एआय सहायक निवडताना

ओळखीतलं कुणी हॉस्पिटलात दाखल झालं की विमा प्रतिनिधीच्या मोबाइलवर आधी पॉलिसीची पीडीएफ येते आणि मागोमाग प्रश्न येतो, ‘किती मिळतील?’ उत्तर शोधायला आता बरेच जण चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड किंवा कोपायलट उघडतात. त्यात गैर काही नाही. पण यातला कोणता घ्यावा हे ठरवताना जे गृहीत धरलं जातं, त्यातलं बरंच चुकीचं आहे आणि त्याची झळ शेवटी पेशंटच्या घरच्यांना बसते.

सगळ्यात पसरलेला गैरसमज म्हणजे या सहायकांना विम्याचे नियम पाठ असतात. त्यांनी वाचलेला मजकूर एका तारखेपर्यंतचा असतो, नियम मात्र बदलत राहतात. आधीपासूनच्या आजारासाठीचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त 48 महिने असायचा, तो 1 एप्रिल 2024 पासून 36 महिन्यांवर आला. ज्यानंतर कंपनीला, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय, माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, तो मोरेटोरियमचा काळ आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आला. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला. इंटरनेटवर जुने लेख ढिगाने पडले आहेत, त्यामुळे सहायक ‘48 महिने’ असं बेधडक सांगू शकतो. म्हणून निवडताना पहिली गोष्ट पाहायची ती ही की, तो आपण दिलेली पॉलिसी वाचून कलम क्रमांकासह उत्तर देतो की आठवणीतून बोलतो.

‘आकडेमोडीत तरी तो चुकणार नाही’ हा दुसरा समज. इथे जरा थांबू, कारण घोळ गुणाकारात नसतो, कशाला गुणायचं यात असतो. समजा विमा रक्कम 5 लाख आहे आणि रूम रेंटची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे 5,000 रुपये. पेशंट 8,000 च्या खोलीत चार दिवस राहिला. बिल 2 लाखांचं. त्यात खोलीचे 32,000, सर्जन, ऑपरेशन थिएटर वगैरेंचे 96,000, आणि औषधं, इम्प्लांट व तपासण्यांचे 72,000. पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट आहे, म्हणजे मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर इतर खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. सहायकाने सरसकट पाच-अष्टमांश लावलं तर 1,25,000 येतात. पण 2020 मध्ये नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, घालून दिलेल्या व्याख्येनुसार औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीत धरायच्या नाहीत. मग खोलीचे 20,000, सर्जन वगैरेंचे 60,000 आणि उरलेले 72,000 पूर्ण, असे 1,52,000 होतात. फरक 27,000 चा. आकडा नीटनेटक्या तक्त्यात आला म्हणून त्यावर विश्वास ठेवायचा नाही. कुठल्या ओळीला कोणतं कलम लावलं, हे त्याने दाखवलंच पाहिजे.

‘पैसे भरलेत, म्हणजे माहिती सुरक्षित.’ हे तर सरळ चूक आहे. वैयक्तिक वापराच्या योजनेत, अगदी पैसे भरूनही, तुमचा मजकूर मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो. तो पर्याय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावा लागू शकतो. कार्यालयांसाठीच्या योजनांत याबद्दल करारात स्पष्ट लिहिलेलं असतं, ते वाचूनच निवड करावी. डिस्चार्ज कार्डावर एखाद्याची मधुमेहापासून मानसोपचारापर्यंतची सगळी कहाणी असते. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा बाजूला ठेवला, तरी ती त्याच्या संमतीशिवाय कुठेही चिकटवणं मला पटत नाही. नाव, आधार क्रमांक, पॉलिसी क्रमांक झाकून टाका. कलमाचा अर्थ लावायला त्यातलं काहीही लागत नाही.

चूक झाली तर यंत्राकडे बोट दाखवता येईल, असंही काहींना वाटतं. कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली होती. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने कंपनीलाच जबाबदार धरून भरपाई द्यायला लावली. निकाल तिथला आहे, पण आपल्याकडेही ग्राहक विचारायला येतो तो प्रतिनिधीच्याच दारात.

राहिला प्रश्न कोणता घ्यायचा. ‘सगळ्यात महाग तो चांगला’ किंवा ‘विम्यासाठी खास बनवलेलाच हवा’ या दोन्हींत फारसं तथ्य नाही. मराठी पत्र लिहायला यातले बरेचसे चालतात. जुन्या हस्तलिखित केसपेपरवर मात्र अडखळतात. तुमच्याकडचे निकाली निघालेले दहा क्लेम घ्या, त्यातले दोन-तीन नाकारलेले असू द्या. नावं झाकून तेच कागद, तेच प्रश्न प्रत्येक सहायकाला द्या आणि उत्तरं कंपनीच्या अंतिम पत्राशी ताडून बघा. मग एका पॉलिसीतलं, काय मिळणार नाही ते सांगणारं पान मुद्दाम काढून ठेवा आणि नेमकं त्याबद्दलच विचारा. जो सहायक ‘दिलेल्या कागदांत हे कलम नाही, ते पान पाठवा’ म्हणतो, तो कामाचा. जो रिकाम्या जागी स्वतःचं कलम लिहून देतो, त्याच्या हाती कुणाचा क्लेम देऊ नका.