नांगर न विसरलेला पंतप्रधान

जगाला भाकरी पुरविणाऱ्याच्या हाती राज्याची सूत्रे आली, तर तो कसा वागेल? उच्चासनावर बसल्यावर त्याला आपल्या मातीची आठवण राहील काय? पोलंड देशाच्या विन्सेंटी वितोस यांचे चरित्र या प्रश्नाचे उत्तर देते. तीन वेळा पंतप्रधानपद लाभूनही हा पुरुष अखेरपर्यंत शेतकरीच राहिला.

२१ जानेवारी १८७४ रोजी तारनूव्ह शहराजवळील व्येशखोस्वावित्से या खेड्यात एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्या काळी पोलंडचे स्वतंत्र राज्य नव्हतेच. रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी तो देश आपसांत वाटून घेतला होता. वितोस यांचा गॅलिशिया प्रांत ऑस्ट्रियाच्या अंमलाखाली होता. तेथील वेठबिगार १८४८ मध्ये बंद झाली. पण दारिद्र्य काही सरले नाही. वितोस यांच्या वाट्याला अवघी चार वर्षांची शाळा आली. पुढे वडिलांबरोबर जंगलात लाकडे तोडावी, शेत कसावे आणि उरल्या वेळात मिळेल ते वाचावे, असा त्यांचा क्रम होता. १८९३ पासून ते शेतकऱ्यांच्या पत्रात लेख लिहू लागले.

लोकांनी हा माणूस हेरला. १९०८ मध्ये ते प्रांतिक विधिमंडळावर व १९११ मध्ये व्हिएन्ना येथील संसदेवर निवडून गेले. १९०९ पासून ते गावचे मुखियाही होते आणि पंतप्रधान झाल्यावरदेखील त्यांनी ते पद सोडले नाही. संसदेत ते उंच बूट घालून, गळ्यात टाय न बांधता येत. शहरी लोक हसत. पण आपल्यासारखाच एक माणूस तेथे बोलतो आहे, हे खेड्यापाड्यांतील लोकांना त्या पोशाखावरून कळत असे.

१९१८ मध्ये पोलंड स्वतंत्र झाला. पण दोनच वर्षांत रशियाची लाल सेना वॉर्साच्या दिशेने चालून आली. ऐन सुगीच्या दिवसांत, २४ जुलै १९२० रोजी, वितोस राष्ट्रीय संरक्षणाच्या सरकारचे पंतप्रधान झाले. समाजवादी नेते दाशिन्स्की हे उपपंतप्रधान झाले. शेतकरी या नव्या राज्याला आपले मानतील की जमीनदारांचेच समजतील, हा खरा प्रश्न होता. वितोस यांनी आपल्या शेतकरी बांधवांना हाक दिली आणि खेड्यांतील तरुण सैन्यात दाखल झाले. ऑगस्टमध्ये वॉर्सा वाचले.

पुढची वाट मात्र काट्यांची होती. १९२३ मधील त्यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत चलनाची किंमत कोसळली, संप झाले आणि नोव्हेंबरात क्राकोव शहरी कामगार व सैनिक यांच्या चकमकीत रक्त सांडले. तो डाग त्यांच्या सरकारला लागला व डिसेंबरात ते सरकार गेले. मे १९२६ मध्ये ते तिसऱ्यांदा पंतप्रधान झाले, तोच सेनापती पिलसुद्स्की यांनी सैन्यासह वॉर्सावर चाल केली. यादवी वाढू नये म्हणून राष्ट्राध्यक्ष व वितोस यांनी अधिकारपदे सोडली.

सप्टेंबर १९३० मध्ये त्यांना अटक होऊन ब्रेस्तच्या किल्ल्यात डांबण्यात आले. सरकार उलथविण्याचा कट केल्याच्या आरोपावरून दीड वर्षाची शिक्षा झाली. तेव्हा १९३३ मध्ये त्यांनी चेकोस्लोव्हाकियात आश्रय घेतला. परंतु गाव त्यांना विसरले नाही. ऑगस्ट १९३७ मध्ये पोलिश शेतकऱ्यांनी दहा दिवस शहरांना धान्य व दूध पाठविणे थांबविले. वितोस यांना सन्मानाने परत येऊ द्यावे, ही त्यांची एक मागणी होती. त्या संपात अनेक शेतकरी गोळीबाराला बळी पडले.

१९३९ मध्ये ते मायदेशी परतले आणि थोड्याच महिन्यांत जर्मनांच्या हाती सापडले. जर्मनांनी सहकार्याची गळ घातली, ती त्यांनी धुडकावली. तुरुंगवास व पाळत सोसून प्रकृती ढासळली आणि ३१ ऑक्टोबर १९४५ रोजी क्राकोव येथे त्यांनी देह ठेवला. त्यांचे दफन त्यांच्या गावीच झाले. खटल्याचा कलंक मात्र पुष्कळ वर्षे राहिला; तो २०२३ मध्ये पोलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने पुसला व त्यांना निर्दोष ठरविले.

पद गेले, देश सुटला, न्याय मिळण्यापूर्वी आयुष्यही सरले. पण वितोस यांचे गावाशी जडलेले नाते तुटले नाही. आपण निवडून दिलेल्या माणसाची पारख करताना, पद मिळाल्यावर तो आपल्या उंबरठ्यावर परत येतो की नाही, एवढे तरी आपण अवश्य पाहावे.