रुई : एक की दोन?

शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर रुईच्या पानांच्या माळा विकायला येतात. शेताचा बांध, रेल्वेरुळांची कड, गावाबाहेरची पडीक जमीन अशा ठिकाणी हे झुडूप आपोआप वाढते. गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. जाड, पांढुरकी पाने आणि तोडताच येणारा दुधासारखा चीक यामुळे लहान मूलही रुई ओळखते. पण 'रुई' या एकाच नावाखाली आपल्याकडे दोन वेगळ्या जाती वाढतात, हे मात्र सहसा लक्षात येत नाही.

या दोन जाती म्हणजे कॅलोट्रॉपिस जायजँटिया आणि कॅलोट्रॉपिस प्रोसेरा. मराठी पुस्तकांत दोघींच्या नावांचा बराच घोळ आहे. म्हणून या लेखापुरते आपण पहिलीला 'मोठी रुई' आणि दुसरीला 'लहान रुई' म्हणू. गंमत अशी, की 'प्रोसेरा' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'उंच' असा आहे. प्रत्यक्षात मोठी रुईच बहुधा जास्त उंच वाढते.

रंगाने फसू नका

दोन जाती म्हटले की अनेकजण जांभळट फुलांची रुई आणि पांढऱ्या फुलांचा मांदार अशी जोडी सांगतात. मांदाराला पूजेत मान असल्याने तो वेगळाच असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मांदार म्हणून दाखवले जाणारे, मोठ्या पांढऱ्या फुलांचे झुडूप हे बहुधा मोठ्या रुईचेच असते. त्याच्या पाकळ्यांत जांभळे रंगद्रव्य तयार होत नाही, इतकेच; फुलाची बाकी सारी रचना तीच असते. सदाफुलीची पांढरी व गुलाबी फुले आपण पाहतो, पण त्यांना दोन जाती म्हणत नाही. तसेच हे आहे. (सदाफुली आणि रुई एकाच कुळातल्या आहेत, हेही विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे.)

मग जात ओळखायची कशी? एकाच लक्षणावर न विसंबता, बरोबरीने आढळणारी अनेक लक्षणे पाहावी लागतात.

कळी : मोठ्या रुईची कळी अंडाकृती, टोकाकडे निमुळती असते. लहान रुईची कळी जवळजवळ गोल असते.

पाकळ्या : मोठ्या रुईचे फूल साधारण ३ ते ४ सेंमी रुंद असते. त्याच्या पाकळ्या पसरतात आणि मागे वळतात. लहान रुईचे फूल २ ते २.५ सेंमीचे असून पाकळ्या उभ्या राहतात, त्यामुळे ते वाटीसारखे दिसते. तिच्या पाकळ्या पांढरट व टोकाशी गडद जांभळ्या असतात, आणि फुलाला सुवास असतो.

मुकुट : फुलाच्या मध्यभागी पाच खंडांचा मुकुट असतो. मोठ्या रुईत हे खंड मधल्या स्तंभापेक्षा आखूड असतात आणि टोकाखाली दोन्ही बाजूंना कानासारखे गोलसर उंचवटे असतात. लहान रुईत खंड स्तंभाइतके किंवा त्याहून उंच असतात. हे 'कान' तिला नसतात.

पाने पाहून मात्र निर्णय देऊ नये. दोघींची पाने समोरासमोर, जवळपास बिनदेठाची आणि कोवळेपणी लवदार असतात.

परागांची पिशवी

फुलाची मूळ यंत्रणा दोघींत सारखीच आहे. येथे पराग सुटे उडत नाहीत. ते मेणचट परागपुंजांत बांधलेले असतात, आणि दोन परागपुंज एका काळ्या ठिपक्याएवढ्या चिमट्याला लटकलेले असतात. मध खायला आलेल्या मोठ्या काळ्या भुंग्याचा पाय किंवा सोंड फटीत अडकली की चिमटा तिला पकडतो आणि ही जोडी भुंग्याबरोबर दुसऱ्या फुलाकडे जाते. ऑर्किड आणि रुईच्या गटातील वनस्पती यांच्या परागणाचा अभ्यास रॉबर्ट ब्राऊन यांनी केला. त्याविषयीच्या १८३१ सालच्या निबंधातच त्यांनी पेशीतील केंद्रकाला नाव दिले. कॅलोट्रॉपिस ही प्रजातीही त्यांनीच मांडली.

हे वर्गात दाखवता येते. फुलाच्या मधल्या पंचकोनी चकतीच्या कोपऱ्यांवर पाच काळे ठिपके दिसतात. एका ठिपक्याखालच्या फटीत बारीक सुई घालून हलकेच वर ओढा. खोगिराच्या दोन बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांसारखी पिवळी जोडी सुईला लागून येईल.

मात्र फुले शिक्षकांनीच तोडावीत आणि चीक पूर्ण थांबल्यावर मुलांच्या हाती द्यावीत. दोन्ही जातींचा चीक डोळ्यांना घातक आहे. तो डोळ्यात गेला तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुजतो आणि धूसर दिसू लागते. पुष्कळदा दुखत नाही, त्यामुळे दुर्लक्ष होते. अशा वेळी डोळा ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. माळा करणाऱ्यांनीही हात साबणाने धुतल्याशिवाय डोळे चोळू नयेत.

कोणती कुठे?

लहान रुईचा पट्टा पश्चिम आफ्रिकेपासून अरबस्तान, इराण, पाकिस्तानमार्गे भारतापर्यंत येतो. हा मुख्यतः कोरडा प्रदेश. मोठी रुई भारत, श्रीलंका येथून आग्नेय आशिया आणि दक्षिण चीनपर्यंत, म्हणजे अधिक पावसाच्या प्रदेशांतही पसरली आहे. भारतात हे दोन पट्टे एकमेकांवर चढतात. म्हणूनच दोघींची तुलना करण्याची सोय आपल्याला घराजवळ मिळते.

तुमच्या शाळेच्या परिसरातील दहा झुडपे निवडा. प्रत्येकाची कळी, पाकळ्या, मुकुट आणि रंग यांची वहीत नोंद करा. शेजारी गावाचा वार्षिक पाऊस लिहा. कोकणातील आणि मराठवाड्यातील शाळांनी आपल्या वह्या एकमेकींना पाठवल्या, तर कोणती रुई कोठे वाढते याचा नकाशा मुलेच तयार करू शकतील.